चौथी बोट

"खालून मेण कोण लावतं," बोटीच्या ट्रेलरखाली उताणा पडलेला वर्लन पुटपुटला. "माणसं वरून लावतात, चारचौघांत चमकावं म्हणून. हा बाबा खालूनसुद्धा लावतो."

नेल्डा चाकाशी उकिडवी बसून त्याला बॅटरीचा उजेड दाखवत होती. कुरकुर तिच्यासाठी नव्हती, पण ऐकायला तिथं दुसरं कुणी नव्हतं. तेहतीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं, की खोट सापडत नाही म्हणून कुरकुरणारा माणूस आतून घाबरलेला असतो.

बोट लाल रंगाची होती. लांब, चपटी, मागे अडीचशे घोड्यांची मोटर. बास मासा पकडायला गंटर्सव्हिलच्या तळ्यावर धावणाऱ्या शेकडो बोटींसारखीच, फक्त बारा वर्षं जुनी असून नव्यासारखी दिसणारी. मालक आर्लिस गॉसेट घराच्या पायरीवर बसून त्या दोघांकडे न बघितल्यासारखं करून बघत होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा, दोन्ही गुडघे गेलेले. मुलीनं मोबील शहरात राहायला बोलावलंय, तिच्याकडे बोट उभी करायला जागा नाही, म्हणून विकतोय, असं त्यानं आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. म्हणजे कुणी विचारायला नको.

वर्लन सरपटत बाहेर आला. डाव्या हाताचा आधार घेऊन उठला आणि उजवा हात जॅकेटच्या खिशात घातला. मग पुढची तपासणी सुरू झाली. मोटरीचा खालचा पंख धरून त्यानं तिला वरखाली झोका दिला. त्या वेळी मोटर ज्या भिंतीवर टांगलेली असते ती मागची भिंत वाकते का, हे बघायचं काम नेल्डाचं. भिंत हलली नाही. गिअरचं तेल त्यानं बोटावर घेतलं. दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय असं समजायचं. तेल मधासारखं स्वच्छ होतं. माशांच्या टाकीचा पंप चालू होता, गळ ठेवायच्या खणांची झाकणं नीट बसत होती, सिलिंडरांचा दाब सगळीकडे सारखा. आर्लिसनं एक वही आणून दिली. तिच्यात प्रत्येक वेळी तेल बदलल्याची तारीख पेन्सिलीनं लिहिलेली होती, आणि एका पानावर, कुणाचीही मागणी नसताना, 'पुलाजवळ दगडाला घासली, चूक माझीच' असंही.

शेवटी वर्लन स्टिअरिंगशी आला. खरं तर तो पहिल्यापासून तिथंच यायला बघत होता. एका बोटानं त्यानं चाक फिरवलं. मागे मोटर तत्काळ वळली. उलटं फिरवलं, उलटी वळली.

"घट्ट आहे," आर्लिस पायरीवरून म्हणाला.

"जमिनीवर सगळ्यांचंच घट्ट असतं," वर्लन म्हणाला.

नेल्डानं बॅटरी बंद केली.

ही चौथी बोट. पहिली स्कॉट्सबरोला, दुसरी डिकेटरला, तिसरी पार जॉर्जियाच्या हद्दीपलीकडे. तिन्ही जमिनीवर पसंत पडल्या होत्या. तिन्ही पाण्यात उतरवल्यावर वर्लननं सांगितलं होतं, की स्टिअरिंग ढिलं आहे. डिकेटरच्या मालकाला ते फार लागलं. ही बोट माझी सासू चालवते, तोंडात सिगारेट धरून चालवते, असं तो म्हणाला होता. परतीच्या वाटेवर वर्लन त्या सासूवरून पाऊण तास बोलत राहिला. नेल्डा हसली होती. तिन्ही वेळा मालकासमोर त्यानं वळून विचारलं होतं, तुलाही जाणवलं ना? आणि तिन्ही वेळा ती म्हणाली होती, हो, ढिलं होतं.

वर्लन एकोणीस वर्षं या तळ्यावर लोकांना मासेमारीला नेत होता. ऑक्टोबरात एका पहाटे धुक्यात एकटाच निघाला असताना त्याची स्वतःची बोट पाण्यातली वाट दाखवणाऱ्या लोखंडी खांबावर आदळली. स्टिअरिंगनं दगा दिला, असं त्यानं सांगितलं. बोट भंगारात गेली, दगा देणारं स्टिअरिंगही तिच्याबरोबर गेलं, आणि ते उघडून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही. नेल्डाच्या मनात आलं होतं.

गेल्या उन्हाळ्यापासून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत असायचा, पावाचा मऊ गाभा घेऊन त्याची गोळी वळत बसावं तसा. तो टीव्ही बघत असला की जास्त. तिनं कॉफीचा कप काठोकाठ भरणं सोडलं. अर्धाच का, हे त्यानं कधी विचारलं नाही. गळाच्या गाठी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर आधीच बांधून ठेवू लागली, आणि त्यामुळे तळ्यावर वेळ वाचतो, यावर दोघांचं एकमत झालं. हंट्सव्हिलच्या डॉक्टरची वेळ तिनं दोनदा घेतली, त्यानं दोनदा रद्द केली. पहिल्यांदा म्हणाला, मोसम संपू दे. दुसऱ्यांदा म्हणाला, मोसम सुरू होतोय.

येत्या शनिवारी मोसमातलं पहिलं गिऱ्हाईक होतं. ओहायोचे झिल्की आणि त्यांच्या दोन मुली, एक नऊ वर्षांची, एक बाराची. तिसरं वर्ष होतं त्यांचं. धाकटी वर्लनच्या बाजूच्याच सीटवर बसायची, आणि बोट सुसाट सुटली की डोळे मिटून तोंड उघडं ठेवायची. वारा खाते म्हणायची. त्यांना नाही म्हणून कळव, असं नेल्डानं एकदा आडून सुचवलं होतं. वर्लननं भांडं खाली ठेवलं आणि तो बाहेर जाऊन बसला. नाही म्हटलं की ते शनिवारपुरतं राहणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

तळ्यावर आल्यावर ट्रेलर उतारावरून मागे घेत पाण्यात घालायचं काम नेहमीसारखं नेल्डानं केलं. आर्लिस कौतुकानं बघत राहिला. मोटर ओली होण्याआधी त्यानं तिला बोलावून बोटीच्या बुडाचं बूच घट्ट बसवलेलं दाखवलं. ते विसरून बोट बुडवणारे या तळ्यावर दरवर्षी निघतात. विकणाऱ्यानं न विचारता बूच दाखवावं, हे तिला फार आवडलं, आणि आवडलं म्हणून वाईटही वाटलं. हा माणूस खोट लपवणारा नव्हता. म्हणजे आज खोट सापडायला जागाच नव्हती.

वर्लन उजवीकडे चाकाशी बसला, आर्लिस डाव्या टोकाला, नेल्डा मध्ये. चालवणारा पाण्यात फेकला गेला तर मोटर आपोआप बंद व्हावी म्हणून एक दोरी अंगातल्या जॅकेटला अडकवायची असते. वर्लननं तिची कडी दोनदा लावायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा नेल्डानं ती लावून टाकली, नवऱ्याची कॉलर नीट करावी तशी. आर्लिस लांबच्या पुलाकडे बघत होता.

काठाजवळच्या चिंचोळ्या पाण्यातून बाहेर येईपर्यंत सगळं छान होतं. मार्चचं थंड, सपाट पाणी. मोटरीच्या बाजूनं पाण्याची बारीक धार सुटत होती, म्हणजे तिला थंडावा मिळत होता. मोकळ्या पाण्यात आल्यावर वर्लननं पायाखालचं पेडल दाबलं. नाक उचललं गेलं, आकाश दिसलं, मग नाक खाली आलं आणि बोट पाण्याच्या पाठीवर चढून धावू लागली. ताशी तीस मैल. चाळीस. त्याचा चेहरा सैलावला. तिनं तो चेहरा ऑक्टोबरपासून बघितला नव्हता.

पंचेचाळीसला बोट डुलायला लागली. आधी डाव्या काठावर, मग उजव्या, मग जोरात डाव्या. अशा बोटी साठ-पासष्टच्या पुढे डुलतात. तिथं चाकाला सतत बारीक बारीक हात द्यावा लागतो, बोटीच्या मनात येण्याआधी. पंचेचाळीसला डुलायचं तिला काही कारण नव्हतं. वर्लनचे दोन्ही हात चाकावर होते. डावा स्थिर होता. उजव्याचा अंगठा चाकाच्या कडेवर टपटपत होता आणि त्याच तालात चाक हलत होतं.

त्यानं पाय उचलला. ढिलं आहे, म्हणाला.

जागा बदलू या का, एवढंच आर्लिसनं विचारलं. गुडघे धरत धरत तो चाकाशी जाऊन बसला, दोरी अडकवली आणि बोट अडुसष्टपर्यंत नेली. बोट रुळावरून जावी तशी गेली. चाक त्यानं चार बोटांत धरलं होतं. त्या चार-पाच मिनिटांत वर्लननं एकदाही चाकाकडे बघितलं नाही. तो पाण्याकडे बघत होता, आणि त्याचा उजवा हात मांडीखाली होता.

थांबल्यावर वर्लननं सांगितलं की तुम्हाला सवय आहे, बारा वर्षांची सवय, ढिल्या चाकाचीही होते. मोटर थोडी उचलून बघतो, म्हणाला. पुन्हा बसला, आणि दोरीची कडी पुन्हा नेल्डानंच लावली. या वेळी त्यानं पेडल तळापर्यंत दाबलं, आणि त्या दाबण्यात असं काही होतं की नेल्डाचे पाय आपोआप फळीवर रोवले गेले. बोट पन्नासवर पुन्हा डुलू लागली. पंचावन्नला डावा काठ पाण्यात घुसला, तिघंही एका बाजूला फेकले गेले, आणि समोर, हाकेच्या अंतरावर, पत्र्याच्या छोट्या होडीत एक म्हातारा गळ टाकून बसलेला दिसला. वर्लननं पाय काढला. बोट फतकल मारल्यासारखी बसली, मागून तिचीच लाट येऊन तिला उचलून गेली. होडीतला म्हातारा वर-खाली झाला. त्यानं हातानं एक खूण केली. ती नमस्काराची नव्हती.

वर्लननं मोटर बंद केली.

मग वर्लन बोलू लागला आणि थांबेचना. बोट घेतो म्हणाला. सगळं उत्तम आहे म्हणाला, भिंत, मोटर, तळ, असली राखलेली बोट या जिल्ह्यात दुसरी नसेल. फक्त हे एक स्टिअरिंग. ते काय, करून घेता येतं. शनिवारी लोक येणार आहेत, लहान मुली आहेत, त्यांना शब्द दिलाय. ही गेली तर आता पाचवी कुठे शोधायची, मोसम काय थांबणार आहे?

"तुम्हाला जाणवलं असेलच," तो आर्लिसला म्हणाला. "इतकी वर्षं चालवताय. सांगा ना. ढिलं आहे की नाही?"

आर्लिसनं त्याच्याकडे बघितलं. मग चाकावरच्या त्या हाताकडे. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

नेल्डाला वाटलं, आता हा सांगणार. तिला ते हवं होतं. परक्या माणसानं सांगितलं असतं, तर तिला घरी जाऊन त्याच्यावर चिडता आलं असतं. गाडीत दोघांनी मिळून त्याची टर उडवली असती.

"हो," आर्लिस म्हणाला. "आहे खरं थोडं ढिलं. मागच्या वर्षापासून मलाही जाणवतंय. माझाच आळस. बाळा, मी असं करतो, अख्खं नवीन बसवून देतो, माझ्या पदरचं. शुक्रवारी संध्याकाळी घेऊन जा."

हे म्हणताना त्याचं अंग ताठ झालं होतं. बोटीला खालूनही मेण लावणारा, दगडाला घासलेलं वहीत लिहून ठेवणारा माणूस स्वतःच्या बोटीला नावं ठेवत होता. एका दमात, चांगल्या मनानं. कुणाला तरी औषधाचा चमचा द्यावा तसं त्यानं ते दिलं, आणि वर्लननं घेतलं. वर्लनचे खांदे खाली आले. तो चक्क हसला.

शुक्रवारी नवीन स्टिअरिंग बसणार होतं. शनिवारी धाकटी त्याच्या बाजूला बसणार होती, डोळे मिटून, तोंड उघडं ठेवून.

"बघ," वर्लन नेल्डाकडे वळला. "मी म्हणत नव्हतो? तुलाही जाणवलं ना?"

लांब होडीतल्या म्हाताऱ्यानं पुन्हा गळ टाकला. लाल बोट वाऱ्यानं हळूहळू आडवी होत होती. नेल्डानं त्याच्या जॅकेटची कडी काढली, जी तिनंच लावली होती, आणि दोरी नीट गुंडाळून चाकाशेजारी ठेवली. मग त्याचा उजवा हात चाकावरून उचलून आपल्या दोन्ही हातांत धरला. तो तिच्या हातांतही चालूच राहिला.

"नाही," ती म्हणाली. "स्टिअरिंग घट्ट आहे, वर्लन. या बोटीचं घट्ट आहे, त्या तिन्हींचं होतं, आणि आपल्या बोटीचंही होतं. हात तुझा हलतोय."