पाठीवरचं बोट

“ना चोक, ना फ्लोट. बिघडली तर हात घालायचा कुठे? लॅपटॉप जोडून विचारायचं का, बाई गं, कुठं दुखतंय?”

आमचे हे माझ्या कानाशी पुटपुटले. म्हणजे पुटपुटलो असं त्यांना वाटलं. इंजेक्शनची नवी गाडी दाखवायला आलेल्या विक्रेत्यासकट अख्ख्या गॅरेजने ऐकलं.

पर्यटकांना डोंगरावर फिरवणाऱ्या आमच्या एटीव्ही, रुंद टायरच्या त्या चारचाकी बाइक, आता पार थकल्यात. नव्या घ्यायच्या यावर एकमत आहे. कार्ब्युरेटरच्या की इंजेक्शनच्या, यावर मात्र रोज जेवताना भांड्याला भांडं लागतं. इंजेक्शनची गाडी वर विरळ हवेत गेली की पेट्रोल किती घ्यायचं ते आपलं आपण बघते. कार्ब्युरेटरला दरवेळी स्क्रू फिरवून पेट्रोल कमीजास्त करायला माणूस लागतो.

आमच्याकडचा माणूस म्हणजे दोघं मिळून एक. हे स्क्रू फिरवतात आणि लेक मागे उभी राहून यांच्या पाठीवर बोट टेकवते. एकदा टेकवलं की पेट्रोल जास्त होतंय, दोनदा टेकवलं की कमी पडतंय, अख्खा तळवा ठेवला की बास. हे कधी सुरू झालं ते कुणालाच आठवत नाही. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललंही नाही. “काय जोडी आहे बापलेकीची,” गिऱ्हाईक म्हणतं, आणि आम्ही तिघं हसतो.

लेकीला शहरातल्या मोठ्या वर्कशॉपने बोलावलंय. या आठवड्यात कळवायचंय. मी विचारलं की ती भांडी घासता घासता “बघू” म्हणते, पाठ न वळवता. यांच्यापाशी विषय काढला, तर “कार्ब्युरेटरला कान लागतो, तो घरात आहे,” म्हणाले की झालं. गॅरेजचं शटर दिवसभर वर असतं, आणि आत आम्ही तिघं कोंडलेले.

विक्रेत्याने इंजेक्शनची गाडी सुरू केली. शेजारी आमची जुनी धडधडत होतीच, सगळी फरशी थरथरत होती. हे नव्या गाडीवर वाकले, कान इंजिनापाशी नेला आणि देवळात मिटावेत तसे डोळे मिटले. तेवढ्यात विक्रेत्याचा फोन आला. बोलता यावं म्हणून त्याने किल्ली फिरवून नवी गाडी बंद केली आणि तो दारात गेला.

हे तसेच वाकलेले.

“ऐक,” लेकीला म्हणाले, “आत टकटक वाजतंय. व्हॉल्व्ह आहे. नव्या गाडीची ही तऱ्हा.”

लेकीने माझ्याकडे पाहायचं टाळलं. “हो बाबा. वाजतंय.”

“मग कार्ब्युरेटरच्याच सांगू.”

“हो बाबा.”

विक्रेता फोन ठेवून परतला होता. भला माणूस. स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला, “कंपनीला कळवतो मी, टकटकीचं.”

म्हणजे तोही आमच्या घरचाच झाला. लेक फडक्याने हात पुसत राहिली. हात केव्हाचे स्वच्छ होते.

मी गाडीला वळसा घालून यांच्यासमोर गेले, खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडून माझ्या ओठांकडे पाहिलं. नेहमी तिथेच पाहतात.

“अहो, गाडी बंद आहे.”

“काय?”

“बंद आहे ती. तुम्हाला ऐकू येत नाही. केव्हापासून येत नाही, आणि पोरगी त्यापायी अडकलीय.”