बुटीचा पैलवान

मथुरेत दाऊदयाल चौबेंच्या बगीचीत, म्हणजे त्यांच्या आखाड्यात, भांग हा शब्द चालत नसे. भांग टपरीवर मिळते, गुरूंच्या हातून मिळते ती बुटी. सकाळी लाल मातीत लढती, जोर-बैठका, विहिरीवर अंघोळ झाली की गुरू स्वतः पाट्यापाशी बसत. बदाम, मिरी, बडीशेप, गुलाबाच्या पाकळ्या आणि त्यात तो हिरवा गोळा. वरवंटा उचलला की त्याला चिकटून पाटाही उचलला गेला पाहिजे, तेव्हा कुठे वाटण झालं. पहिले थेंब शंकराला, मग प्रत्येक पैलवानाला लोटाभर.

"बैठका मारून मांड्या फाटतात ना, त्या ही रात्रीतून सांधते," ते सांगत. "झोप देते, भूक देते. डॉक्टर काय देतो? सल्ला."

पुरावा म्हणून ते पुतण्याकडे बोट दाखवत. नटवर. बाप गेल्यापासून काकांच्याच अंगाखांद्यावर वाढलेला आणि आता खांबासारखा झालेला. दुसरा पुरावा भिंतीवर पसरलेला असे. मथुरेची माकडं म्हणजे भरदिवसा चष्मा पळवणारी दरोडेखोरांची टोळी, पण या बगीचीतली माकडं हातातल्या कचोरीकडेही बघत नसत. नुसती लोळत. "बजरंगबलीची कृपा!" गुरू हात जोडत. आल्यागेल्याला माकडं दाखवल्याशिवाय ते सोडत नसत.

आता नटवरची निवड चाचणी आली होती. जिंकला की थेट राष्ट्रीय शिबिर. या बगीचीतून तिथवर कुणीच गेलं नव्हतं. खुद्द दाऊदयाल तरुणपणी त्याच दारापर्यंत पोचले होते आणि शेवटच्या कुस्तीत चीतपट झाले होते. कारण सगळ्या घाटाला पाठ होतं. "त्या दिवशी माझ्या गुरूंनी मुद्दाम दुप्पट गोळा घातला होता. तरी हरलो. म्हणजे पंच विकला गेला असलाच पाहिजे!" या हिशेबात कुणाला कधी खोट दिसली नव्हती.

चाचणीच्या आठवड्यात स्टेडियमवरचे कोच तोमर बगीचीत आले आणि पाट्यापाशी थबकले.

"गुरू, तुम्ही यमुनेची शपथ घेऊन सांगितलंत, पोरगा नशापाणी करत नाही म्हणून!"

"मग? नाहीच करत. दारूच्या बाटलीला शिवला तर हात तोडीन त्याचा."

"आणि हे काय आहे?"

"ही बुटी. हा खुराक आहे, तोमरसाहेब."

तोमरांनी कपाळावर हात मारला. "अहो, जिंकणाऱ्याची लघवी तपासतात! आठवड्यामागे प्यालेलं सापडतं त्यात. सापडलं तर बंदी. आयुष्य मातीत."

दाऊदयाल पाट्यापाशी बसलेलेच होते म्हणून पडले नाहीत.

तोमर गेल्यावर त्यांनी पाटा-वरवंटा उचलून कोठीत टाकला, कुलूप लावलं आणि निकाल लागेपर्यंत स्वतःही बुटीला शिवणार नाही, असा नवस बोलले. मग उतारा सुरू झाला. चिंचेचं पाणी, लिंबं, कैरीचं लोणचं, आंबट ताक. भर उन्हात रजई गुंडाळून नटवरला पळवलं.

"काका, ऐका तरी माझं."

"तोंड बंद. चिंच गीळ."

"काका, तसं काही नाही हो..."

"तुला काय कळतं, लल्ला? माझ्याच हातानं तुला विष पाजलंय मी! गीळ म्हणतो ना!"

नटवर बिचारा गिळत राहिला. आंबट खाऊन दात आंबले, चणेसुद्धा चावेनात. तशाच दातांनी त्याने चाचणी मारली, शेवटची कुस्ती ढाक लावून. सगळी बगीची नाचली. दाऊदयाल मात्र शौचालयाच्या दाराकडे बघत होते. तिथे एक माणूस बाटली घेऊन नटवरच्या मागे आत गेला होता.

अहवाल यायला वेळ होता. काकांची झोप उडाली, सांधे ठणकू लागले, कचोरी गळ्याखाली उतरेना. त्यात माकडं बिघडली. कशी कोण जाणे, भिंतीवर लोळणारी ती गरीब जनावरं एकाएकी पिसाळली. लंगोट फाडले, देवापुढचे पेढे पळवले आणि एका हुप्प्याने तर खुद्द गुरूंचा चष्मा ओढून नेला.

"बजरंगबली कोपला," ते आंधळ्यासारखे चाचपडत म्हणाले. "पोराचं काही खरं नाही."

आणि अहवाल आला. काही सापडलं नव्हतं.

हार आले, ढोल आले, एक वार्ताहरही आला. त्याने नटवरला यशाचं रहस्य विचारलं. काकांचा मान राखावा म्हणून नटवर भाबडेपणाने बोलून गेला, "आमच्या काकांची बु..."

काकांनी अख्खा पेढा त्याच्या तोंडात कोंबला. "दूध!" ते ओरडले. "लिहा, दूध! गाईचं!"

दुपारी सगळे पांगल्यावर ते नटवरशेजारी कुस्तीच्या हौद्याच्या काठावर टेकले. "चिंचेनं वाचवलं बघ तुला."

नटवरने मान खाली घातली. "काका, मी बुटी पीतच नव्हतो. कधीच नाही."

"काय बोलतोस?"

"लहानपणी एकदाच प्यालो. दुसऱ्या दिवशी हौद्यात उतरलो तर समोरच्याचा हात येताना दिसत होता, पण माझा हात उठेचना. डाव कळायचा, तोवर पाठ लागलेली असायची. फार घाबरलो. पण तुम्ही एवढं प्रेमानं वाटायचात, नको म्हणवेना. मग लोटा घेऊन भिंतीपाशी जायचो, आणि..."

दाऊदयालांनी भिंतीकडे पाहिलं. माकडं दात विचकून त्यांच्याकडे बघत होती. एकाच्या नाकावर त्यांचा चष्मा होता.

ते हसतील असं नटवरला वाटलं, नाहीतर थोबाडीत देतील. त्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. स्वतःचा उजवा हात मांडीवर उताणा ठेवून ते त्याच्याकडे बघत बसले.

"दिसत होता," ते पुटपुटले. "माझ्या कुस्तीत. त्याचा हात माझ्या मानेवर येताना मला स्वच्छ दिसत होता."

नटवरने तो हात आपल्या हातात घेतला.

काका उठले. कोठीचं कुलूप काढून पाटा बाहेर आणला, रोजच्यासारखीच निगुतीने बुटी वाटली, शंकराला थेंब उडवले. मग आपला भरलेला लोटा उचलून भिंतीवर ठेवला. माकडं धावली.

"नटवर," ते पाठमोरेच म्हणाले, "तो पंच भला माणूस होता रे."

आणि ते पाटा धुवायला विहिरीकडे गेले.