माळवदाचं सागवान

मनतशाने लाकूड घासायचं तिसरं मशीन उचललं, बटनाला हात न लावता तळहाताखाली धरलं आणि काउंटरवरच्या प्लायच्या तुकड्यावर नुसतंच फिरवून पाहिलं.

"चालू तर करा," बसलिंगप्पा म्हणाला.

"चालू सगळीच होतात, काका. तासभर धरल्यावर मनगट काय म्हणतं ते बघायलेय."

लातूरच्या गंजगोलाईतल्या या हार्डवेअरच्या दुकानातून तिचे अब्बा, जलील मिस्त्री, जन्मभर खिळे आणि सरस नेत आले होते. त्या ओळखीला जागून बसलिंगप्पाने आधी ग्राइंडर पुढे केला होता. चकती लावली की दणक्यात काम, असं त्याचं म्हणणं. ते लाकूड घासत नाही, खातं, असं म्हणून तिने तो बाजूला सारला. दुसरं मशीन चौकोनी होतं आणि नुसतंच थरथरत होतं. त्याच्या रेघा पॉलिश मारल्यावर उन्हात उठून दिसतात. हे तिसरं गोल होतं. याची चकती गरगर फिरायची आणि फिरता फिरता हलायचीही, त्यामुळे ती एकाच वाटेने दोनदा जात नसे आणि लाकडावर स्वतःची खूण ठेवत नसे. तिला तेच हवं होतं.

"कलीमला इचारलंत का? उद्या परत आणलं तर मी घेणार न्हाई बगा."

"भावाला विचारून घेतलं असतं तर भावालाच वापरावं लागलं असतं."

बसलिंगप्पा हसला. ऐंशी, एकशेवीस आणि एकशेऐंशी नंबरचे गोल पॉलिश पेपर पिशवीत घालताना त्याने वर थोडे जास्तीचे टाकले.

औसा रोडच्या आतल्या गल्लीत जलील मिस्त्रीचं पत्र्याचं शेड आता एकटंच उरलं होतं. पिठाची गिरणी गेली, वेल्डिंगवाला गेला. त्यांच्या जागी अभ्यासिका आल्या आणि डॉक्टर व्हायला लातूरला आलेली पोरं तिथे प्लायच्या कप्प्यांत दिवसदिवस माना खाली घालून बसू लागली. मनतशाही दोन वर्षं तशा कप्प्यात बसली होती. तिचा नंबर लागला नाही. घरी येऊन ती आठवडाभर झोपली, मग उठून शेडमध्ये गेली आणि तिने पॉलिश पेपर हातात घेतला, तो अजून खाली ठेवला नव्हता. कलीमला हे चारचौघांत सांगायची लाज वाटे. तो एका क्लासच्या ऑफिसात प्रवेशाचं काम बघायचा, कडक इस्त्रीचा शर्ट घालायचा, आणि शेडची जागा अभ्यासिकेला द्यायचं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्याला निमित्तही आयतंच मिळालं. मुलींच्या एका होस्टेलला अब्बांनी टेबलं करून दिली होती, ती परत आली. टेबलांना ओढण्या अडकतात, धागे निघतात, अशी तक्रार होती. जलील मिस्त्रीचं काम परत आल्याचं गल्लीत कुणाला आठवत नव्हतं.

"अजून एक काम करा, अब्बा," कलीम तेव्हा म्हणाला होता. "बाईंचं टेबल. तेबी परत आलं तर शेडची चावी माझ्याकडं द्यायची."

"दिली," अब्बा म्हणाले होते. चिडले की ते एका शब्दापुढे जात नसत.

बाई म्हणजे विशाखाबाई, कलीमच्या शाळेतल्या जुन्या शिक्षिका. त्यांचं सासर किल्लारीकडचं. भूकंपात घर बसलं तेव्हा माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताखालच्या, ज्या सागवानी तुळया शाबूत निघाल्या, त्या त्यांनी पुनर्वसनाच्या घरामागे पत्रे टाकून इतकी वर्षं सांभाळल्या होत्या. धुराने काळ्या झालेल्या, जुने खिळे अंगात घेऊन बसलेल्या त्या तुळया एके दिवशी बाई टेम्पोत घालून घेऊन आल्या.

"सून अडून बसलीय," बाईंनी सांगितलं होतं. "मेलेल्या घराचं लाकूड, त्यावर पोरीनं अभ्यास करायचा का, म्हणते. मी म्हटलं, करायचा. नात इथं खोली घेऊन राहायलीय, तिला मी टेबल देणार तर याच लाकडाचं. जलीलभाई, त्या पहाटे माणसं मारली ती दगडांनी. या तुळयांनी दगड माझ्या अंगावर येऊ दिले न्हाईत."

"सागवानाचं काय चुकलं, बाई," अब्बा म्हणाले होते. त्र्याण्णव साली असलं लाकूड ट्रक भरभरून लातुरात आलं, तेव्हा त्यांच्या उस्तादांनी त्याला हात लावू दिला नव्हता. अपशकुनी म्हणून किती तरी भट्टीत गेलं. अब्बा तेव्हा तरणे होते आणि गप्प बसले होते. आता गप्प बसायचा त्यांचा विचार नव्हता.

मशीन बघून अब्बा आधी हसले. हाताला कळतं ते याला काय कळणार, म्हणाले. तरी त्यांनी ते घेतलं, तुळईतून कापून आणलेल्या फळीवर टेकवलं आणि चालू केलं. थोड्याच वेळात मोटरचा आवाज जड झाला, कण्हल्यासारखा. मशीन उचललं तेव्हा फळीवर बारीक बारीक वेटोळी उमटली होती.

"जिलब्या काढायलंय हे. परत नेऊन दे बसलिंगप्पाला."

"दाबू नका, अब्बा. त्याच्या वजनानंच चालू द्या. दाबलं की चकती फिरायची थांबती, नुसती थरथरती."

"मी दाबत न्हाई."

नाचता येईना अंगण वाकडं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी मशीन पुन्हा टेकवलं आणि तिची नजर त्यांच्या हातावर गेली. नखं पांढरी पडली होती. सगळं अंग मशीनवर रेललं होतं, आणि चेहऱ्यावर मात्र खरोखरच न दाबणाऱ्या माणसाचा भाव होता. अब्बांची शुगर जुनी होती. पायाला मुंग्या येतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं. हातांबद्दल ते कधी बोलले नव्हते.

मनतशाने मशीन बंद केलं, उलटं धरलं आणि चकतीच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ ओढली.

"ही रेघ बघत राहायची. फिरताना दिसली तर ठीक. जागेवर थांबली की हात हलका करायचा."

"हे कुणासाठी?"

"माझ्यासाठी. दाब किती पडायलाय ते मलाबी कळत न्हाई कधी कधी."

अब्बांनी तिच्याकडे पाहिलं, मग रेघेकडे. मनतशाने फळीभर पेन्सिलीच्या रेघा मारून दिल्या. त्या पुसल्या गेल्या म्हणजे फळी सगळीकडे सारखी घासली गेली. त्या दुपारी अब्बांनी पहिल्यांदा मान वाकडी करून, चकतीच्या कडेवर नजर ठेवून काम केलं. वर्षानुवर्षांचा धूर भुसा होऊन मशीनच्या पिशवीत गेला आणि खालून सागवानाचा मधासारखा रंग वर आला. जिलब्या उमटल्या नाहीत.

पुढे दोन-तीन दिवसांनी ती जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा शेडमध्ये आवाज नव्हता. ती दारातच थांबली. अब्बा डोळे मिटून, कान खाली लावून फळीवरून एक पातळ ओढणी हळूहळू ओढत होते. ओढणी एका जागी अडकली. त्यांनी धागा अलगद सोडवला, तिथे पेन्सिलीने फुली मारली आणि पुन्हा ओढू लागले. मोतिया रंगाची ती ओढणी अम्मीची, अमीरबीची होती. अम्मीला जाऊन वर्षं झाली, तिचे कपडे देऊन टाकले, ही एक ओढणी कुठे गेली ते कुणाला कळलं नव्हतं. आता तिचे जागोजाग धागे निघाले होते.

म्हणजे हातांची जाण गेल्याचं अब्बांना ठाऊक होतं. होस्टेलच्या पोरींची तक्रार त्यांनी मुकाट ऐकून घेतली होती आणि तिचंच हत्यार करून घेतलं होतं. मनतशाला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला. एवढ्या कारागिराला स्वतःच्या शेडमध्ये चोरासारखं काम करावं लागतंय, याचा राग. ती चार पावलं मागे गेली, मोठ्याने खोकली आणि मग आत शिरली. ओढणी पेटीत गेली होती आणि अब्बा रंध्याचं पातं बघत होते.

टेबल उभं राहिलं. पुस्तकांसाठी खाली दोन फळ्या तेवढ्या बसवायच्या राहिल्या होत्या. एक पूर्ण घासून झाली होती, दुसरीवर अजून ऐंशीचा खरखरीत पेपरच फिरला होता. बाई बघायला आल्या आणि स्टुलावर बसल्या. नेमका त्याच वेळी कलीम हणमंत सरांना घेऊन आला. हणमंत सर शेजारची अभ्यासिका चालवत. त्यांच्या हातात मोजायचा टेप होता.

"मिस्त्री, तुमच्या मशीनचा आवाज आमच्या पोरांना लई तरास देतो," सर म्हणाले आणि भिंत कुठून कुठवर आहे ते बघू लागले.

"टेबल अजून परत आलं न्हाई, भाई," मनतशा म्हणाली.

"परत यायची वाट कशाला बघायची?" कलीम बाईंकडे बघून थोडा अडखळला, पण आता बोलायचंच ठरवून आला होता. "अब्बा, परवा तुमी चुलीवरनं उतरवलेलं पातेलं तसंच धरलं होतं. हात भाजला तरी तुमाला कळलं न्हाई. मी बघितलंय. मला काय हौस हाय का ही जागा द्यायची? उद्या कटरखाली बोट जाईल आन् तुमाला दिसल्यावर कळंल."

कलीमने त्या दोन्ही फळ्या उचलल्या, फडक्याने पुसल्या आणि अब्बांसमोर ठेवल्या.

"डोळे मिटून हात लावा आन् सांगा. कोणची झालीय?"

अब्बांचा हात उठला आणि फळीच्या वर तसाच राहिला. बाई स्टुलावर सावरून बसल्या. अब्बांची नजर कोपऱ्यातल्या पेटीकडे गेली आणि लगेच परत आली. परक्या माणसांसमोर ते पेटी उघडणार नाहीत, हे मनतशाला कळलं.

तिने खांद्यावरची स्वतःची ओढणी काढली.

"मनतशा," कलीम दबक्या आवाजात म्हणाला. "सर हायेत इथं."

"टेबल कुणाला जायचंय, भाई? बाईंच्या नातीला. ती ओढणीच घालती. मग ओढणीनंच बघायचं." तिने ओढणी अब्बांच्या हातात दिली.

अब्बा तिच्याकडे बघत राहिले. तिला कधीपासून ठाऊक आहे, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी डोळे मिटले, कान खाली केला आणि ओढणी पहिल्या फळीवरून ओढली. ती सरकन पलीकडे जाऊन खाली घसरली.

"ही झाली."

दुसऱ्या फळीवर ओढणी अर्ध्यात अडली. एक धागा ताणला गेला, त्याचा बारीक आवाज सगळ्यांना आला.

"ही न्हाई झाली. हितं तर निम्मीबी न्हाई."

"पण ह्यात हात कुठाय, अब्बा?" कलीम म्हणाला. "हातच न्हाई ऱ्हायला तर..."

"कान हायेत. डोळे हायेत. ही पोर हाय," अब्बा म्हणाले. "हाताचं लई कवतिक झालं इतकी वर्षं. आता बसू दे त्याला."

एवढं लांबलचक ते किती तरी दिवसांत बोलले नव्हते. त्यांनी ओढणी खुंटीला लावली, दुसरी फळी टेबलावर घेतली, मशीनला एकशेवीसचा पेपर लावला आणि मार्करची रेघ आपल्या बाजूला करून बटन दाबलं.

पत्र्याच्या शेडमध्ये दुसरा कुठलाच आवाज उरला नाही. हणमंत सर काहीतरी सांगत होते, त्यांचे नुसतेच ओठ हलत होते. शेवटी त्यांनी टेपचं टोक कलीमच्या हातात दिलं, भिंतीकडे बोट दाखवलं आणि स्वतः टेपची डबी घेऊन दारापर्यंत मागे गेले. कलीम भिंतीला टोक धरून उभा राहिला. अब्बांनी वर पाहिलंही नाही. त्यांचा हात मशीनवर झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा होता, आणि काळी रेघ फिरत होती.

मग एकशेऐंशी. मग मशीन थांबलं. अब्बांनी फळी पुसली आणि बाईंच्या पुढे धरली.

"बाई, तुमी बघा."

बाईंनी आपल्या पदराचं टोक फळीवर टाकलं आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढत नेलं. ते कुठेच अडकलं नाही. बाईंनी पदर पुन्हा खांद्यावर घेतला.

"सुनेला हेच दाखवते," त्या म्हणाल्या.

मनतशा खुंटीवरची ओढणी काढायला गेली. ती भुशाने माखली होती, मधोमध धागा निघाला होता. अब्बांनी ती तिच्या हातातून काढून घेतली. कोपऱ्यात जाऊन त्यांनी सगळ्यांसमोर पेटी उघडली, आतली मोतिया ओढणी बाहेर काढली, झटकली आणि लेकीच्या खांद्यांवर घातली. उजेडात तिचे निघालेले धागे दिसत होते. होस्टेलची टेबलं परत आल्यापासूनचे, एकेका फळीचे.

कलीम भिंतीपाशी उभा होता. त्याने ओढणी ओळखली. तिच्या कडेपासून कडेपर्यंत त्याची नजर गेली, मग अब्बांच्या भाजलेल्या हातावर येऊन थांबली.

"कलीम, टोक नीट धरा की," हणमंत सर दारातून म्हणाले.

कलीमने टोक सोडून दिलं. टेपची पट्टी सगळ्या शेडमधून फरफटत सरांच्या डबीत परत गेली.