देवळाबाहेर आलेलं वाचनालय

लातूरकडच्या मुरुडच्या पलीकडं एका गावात पंचाक्षरी अण्णा वाचनालय चालवायचे. वाचनालय म्हणजे महादेवाच्या देवळातली एक ओवरी, दोन कपाटं आणि एक लांब बाकडं. बहात्तरच्या दुष्काळात ते बाकडं ओस पडलं. सारं गाव पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होतं. मग अण्णाच दुपारच्या सुट्टीत पेपर आणि चार पुस्तकं पिशवीत घालून तिकडं जायला लागले. बाभळीखाली बसून मोठ्यानं वाचायचे. लोक भाकरी खात ऐकायचे.

बौद्धवाड्यातली सिंधु रोज पुढं बसायची. सातवी शिकलेली. एकदा गोष्ट अर्ध्यात असताना मुकादमाची शिट्टी वाजली.

"अण्णा, पुस्तक द्या की. उद्या आणून देते."

"ने. संपलं की वाचनालयातून दुसरं घेऊन जा."

"तिथं कसं येऊ? मधी देवळाची पायरी हाय. आमच्यातलं कुणी आलंय का आजवर?"

'सर्वांस खुले' ही वाचनालयाची पाटी अण्णांनीच रंगवली होती. त्या संध्याकाळी त्यांना जेवण गेलं नाही.

सकाळीच ते वाचनालयाच्या अध्यक्षांच्या, गुरुबसप्पांच्या दुकानी गेले. "अप्पा, वाचनालय बाहेर काढावं म्हणतो. स्टँडजवळची करोडगिरीची, निजामाच्या वेळच्या जकातीची, जुनी खोली रिकामीच हाय."

गुरुबसप्पांनी तराजू खाली ठेवला. "जागा माझ्या वडलांनी दिलेली हाय. पुस्तकं हलवलीस तर तुझा माझा संबंध संपला."

"तुमची मर्जी," अण्णा म्हणाले.

बाजारच्या दिवशी कामाला सुट्टी होती. खडीच्या टोपल्या झटकून सिंधु आणि पाच-सहा बाया आल्या. अण्णांनी पायरीवरून खाली दिलेली पुस्तकं टोपल्यांतून स्टँडकडं निघाली. गुरुबसप्पा दुकानातून बघत राहिले. त्यांनी अडवलं नाही, पण अण्णांशी बोलणं बंद केलं.

पुढं पाऊसपाणी झालं. बाया पुस्तकं न्यायला लागल्या. सिंधुनं तिथंच अभ्यास करून मॅट्रिक दिली, बालवाडीत बाई झाली. गुरुबसप्पा मात्र पेपर विकत घेऊन घरीच वाचायचे. अण्णांच्या मनाला ते लागायचं.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा वेगळा झाला. त्या बातमीचे पेपर स्टँडवर हातोहात संपले. थोड्या वेळानं वाचनालयाच्या दारात काठीचा आवाज झाला. गुरुबसप्पा होते. वाचनालयाचा पेपर सिंधुच्या हातात होता. ती उठायला लागली.

"बस बाई," ते म्हणाले. "तुझं होऊ दे."

अण्णांनी बाकड्यावर जागा करून दिली.