दुसरा कूलर

त्या रविवारी बाबा उताणे पडून गाडीच्या बंपरखाली शिरले होते आणि मी बाहेर बसून ते सांगतील ते आकडे पुठ्ठ्यावर लिहीत होते. उजव्या कोपऱ्यात दुसरा ऑइल कूलर बसवायचा होता. डाव्या कोपऱ्यात कंपनीचा एक होताच, पण लांब चढावर ऑइलच्या तापमानाचा काटा वर सरकायचा आणि त्याच्याबरोबर बाबांचा जीवही.

"दोनशे ऐंशी," ते आतून म्हणाले. "नको, पंच्याहत्तर लिही. चाक पूर्ण वळलं की घासेल."

गाडी दोन दारांची, बुटकी, रोटरी इंजिनाची. त्या इंजिनात पिस्टन नसतात. दोन तिकोनी रोटर फिरतात आणि त्यांच्या पोटातली उष्णता ऑइल वाहून नेतं. म्हणजे वंगणाचं काम करायचं आणि वर रेडिएटरलाही हातभार लावायचा. बाबा बस डेपोत बत्तीस वर्षं फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी बंद पडलेली आणली, तेव्हा आई म्हणाली होती, "एक म्हातारं घरात होतंच, त्याला जोड झाली."

दुपारी तिनं जेवायला दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा दारात येऊन म्हणाली, "या घरात अन्न निवलं तरी चालतं. ऑइल तेवढं निवलं पाहिजे."

"अन्न परत गरम करता येतं," बाबा खालून म्हणाले. "शिजलेलं इंजिन परत कच्चं करता येतं का?"

बाहेर आल्यावर त्यांनी डाव्या कूलरच्या नळीवरून बोट फिरवलं. बोट किंचित ओलं झालं. त्यांनी दोन पाने माझ्यापुढे धरले. "तूच आवळ. माझ्या हाताचा आता भरवसा नाही."

मी आवळलं. जे दोन वर्षं बोलले नव्हते, ते तेव्हाही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवेल वाळत घालताना बाबा खाली बसले, ते उठले नाहीत.

मी काय बोलले नव्हते, ते इथेच सांगते. कूलरची मान, म्हणजे नळी जोडायची तोटी, अॅल्युमिनियमची असते, मऊ. म्हणून एका पान्यानं ती धरून ठेवायची आणि दुसऱ्यानं नट फिरवायचा. आवळून झालं की बाबा नटावरून मानेपर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढत. ही डेपोतली सवय. रेघ सलग असली तर नट कुणी हलवलेला नाही. तुटलेली दिसली तर विचारायचं, कुणी हात लावला?

दोन वर्षांपूर्वी डावा कूलर बदलला, तेव्हा बाबांनी नट आवळला, रेघ ओढली आणि ते हात धुवायला गेले. मला वाटलं, अजून थोडा बसेल. मी एकच पाना लावून जोर दिला. नट जरासा सरकला, आणि मग मानही त्याच्याबरोबर वळल्यासारखी वाटली. रेघ तुटली होती. मी ती पेट्रोलच्या बोळ्यानं पुसली आणि नवी ओढली. घाईत नाही, चांगली सरळ ओढली. तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. पोरवय म्हणून सोडून द्यावं असं त्यात काही नाही.

आठ दिवसांनी चढावर ती मान तडकली. ऑइल रस्त्यावर सांडलं, दाबाचा काटा पडला. बाबांनी तत्क्षणी इंजिन बंद केलं, तरी बेअरिंगं गेलीच. घरी आणल्यावर त्यांनी तो नट भिंगाखाली धरला. रेघ सलग होती. म्हणजे नट शेवटचा आवळला तो त्यांनीच.

"हात जड झाला माझा," ते म्हणाले.

मी शेजारी उभी होते. सांगणारच होते. तेवढ्यात ते म्हणाले, "यापुढे आवळायचं काम तुझं," आणि पाने माझ्या हातात दिले. लहानपणापासून मला ते पाने हवे होते. मी घेतले.

त्यानंतर आजूबाजूचे लोक शिलाई यंत्रं, घड्याळं दुरुस्तीला घेऊन येत, ती बाबांनी घेणं बंद केलं. "आता हात राहिला नाही," म्हणत.

बाबा गेल्यावर डेपोतली माणसं भेटायला आली. त्यांचे एक जुने सोबती आईला म्हणाले, "बत्तीस वर्षांत यांच्या हातून एका नटाचा आटा गेला नाही, वहिनी. गेला तो घरच्याच गाडीचा." त्यांनी ते मायेनंच म्हटलं. आई म्हणाली, "तेव्हापासूनच खचले ते." मी आत जाऊन पाण्याचे पेले भरले. गरज नव्हती, सगळ्यांच्या हातात पाणी होतं.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी मामा आले. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. घरामागच्या शेडमध्ये त्यांचं धातू कातायचं लेथ आहे. पुठ्ठ्यावरच्या आकड्यांवरून त्यांनी ब्रॅकेट बनवून आणले होते.

"दाजींचं काम अर्धवट ठेवायचं नाही," ते म्हणाले. "चल, पंडित. पुस्तकं मिट." मी सतत वाचत बसते म्हणून त्यांनी मला पाडलेलं हे नाव.

ब्रॅकेट पहिल्या फटक्यात बसले नाहीत. एक भोक कानशीनं लांबट करावं लागलं, तेवढा वेळ मामा स्वतःला शिव्या घालत होते. मग रबरी ठोकळ्यांवर कूलर टेकवला, दोन्ही कूलर नळ्यांनी एकामागे एक जोडले, आणि वारा बाजूनं निसटू नये म्हणून पत्रा वाकवून पुढे बोगदा केला. चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं. घासलं नाही.

नट मी आवळले, दोन पान्यांनी. रेघाही मीच ओढल्या.

जास्तीचं दीड लिटर ऑइल भरलं. इंधनाचा आणि ठिणगीचा फ्यूज काढून स्टार्टर थोडा थोडा मारला, म्हणजे इंजिन पेटण्याआधी ऑइल नव्या कूलरपर्यंत पोचावं. चौथ्या खेपेला दाबाचा काटा हलला. फ्यूज बसवले. इंजिन खोकलं, धुराचा एक लोट सोडला आणि लागलं. अर्ध्या तासानं मी नवा कूलर हातानं चाचपला. तो गरम झाला होता, म्हणजे ऑइल तिथून फिरत होतं. सांधे कोरडे होते.

आई दारात चहा घेऊन उभी होती. मामांनी कप घेतला, पण प्यायले नाहीत.

"हे माझं शेवटचं काम, ताई," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात लेथ काढून टाकतो. एक माणूस बघून गेलाय."

"का रे? डोळे ठीक आहेत ना?"

"डोळ्यांचं काय. दाजींसारख्या माणसाला हातानं दगा दिला, तिथं माझी काय कथा? त्यांना नट जास्त आवळला गेलेला कळला नाही. मला उद्या लेथवर कळणार नाही. फजिती होण्याआधी उठलेलं बरं." मग हसून माझ्याकडे पाहिलं. "हिचा हात बघ. कसा मोजका."

आई म्हणाली, "तू म्हणतोस ते खरंच आहे म्हणा."

मी इंजिन बंद केलं. चावी काढली. हाताला ऑइल होतं, ते पुसत बसले असते तर पुन्हा दोन वर्षं गेली असती.

"लेथ काढू नका, मामा," मी म्हणाले. "बाबांचा हात गेला नव्हता."

"अगं, त्यांनीच सांगितलंय—"

"त्यांना ठाऊक नव्हतं. आई, तूही ऐक. बाबा बरोबर आवळून हात धुवायला गेले होते. मागून मी एका पान्यानं जोर दिला आणि मान पिळली. त्यांची रेघ पुसून मी माझी ओढली. त्यांनी भिंगाखाली पाहिली ती रेघ माझी होती."