लाल धाग्याची खोटी साक्ष

मी एक जुना लोकरीचा धागा आहे, मित्रांनो. लांबी चार इंच, रंग लाल, आणि वजन विचाराल तर मला तागडीत टाकल्यावर काटा अजून एकदाही हललेला नाही. माझे मूळ एका मेंढीच्या पाठीवर. ती इतक्या उंच डोंगरावर चरायची, की ढग आला की आपलेच कोकरू परत आले असे समजून ती त्याला चाटू लागे. तुम्ही हसलात? हसा. थापा मारणे हा माझा जुना छंद आहे. पण कामावर असताना मी आयुष्यात एकदाच खोटे बोललो, तेही तोंड न उघडता. ती एक गोष्ट मात्र जशी घडली तशी सांगतो.

पुण्याच्या संजीवनीआत्यांनी मला विणले ते कानटोपीत. त्यांचा भाचा हेमचंद्र सिंगापूरला नोकरीला. त्याला मुलगी झाली, मैत्रेयी. आत्या बाळाला बघायला त्याच्या पासिर रिस भागातल्या फ्लॅटमध्ये आल्या, त्या मला घेऊनच. बाहेर बत्तीस डिग्री! हेमचंद्र म्हणाला, "आत्या, इथे कानटोपी?" आत्या म्हणाल्या, "एसी असतो ना रे तुमच्याकडे? मग!" बाळाने टोपी एकदाच घातली आणि ते टोपीहून लाल झाले. त्यानंतर सोळा वर्षे मी कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी. त्या गोळ्यांना मी माझ्या हिमालयातल्या आठवणी सांगत असे. त्या बिचाऱ्या ऐकता ऐकता विरघळून गेल्या.

मग एके दिवशी मैत्रेयीने टोपी उसवली. ती ग्लायडर चालवायला शिकत होती. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. दुसरे विमान त्याला दोरीने ओढून वर नेते, सोडून देते, आणि मग ते तापून वर चढणाऱ्या हवेवर घारीसारखे तरंगते. वैमानिकाच्या समोरच्या काचेवर, बाहेरच्या बाजूने, लोकरीचा एक तुकडा चिकटवतात. पुढचे टोक टेपखाली, मागचे मोकळे. ग्लायडर नीट उडत असले की धागा सरळ मागे राहतो. ते तिरके घसरू लागले की धागा बाजूला वळतो. तिरके उडणारे ग्लायडर हवेला अंग देते आणि उंची गमावते. इतकी यंत्रे, इतके आकडे, पण हे सांगायला त्या जुन्या ग्लायडरवर मीच होतो. चार इंच.

सिंगापूरचा राष्ट्रीय संघ म्हटल्यावर डोळ्यांपुढे संचलन आणू नका. सगळा संघ एका टॅक्सीत मावत असे. शिकवणारे लिम अंकल, व्यवस्थापक हेमचंद्र, आणि उडणारे दोघे, मैत्रेयी आणि वरुण. ग्लायडर एकच. ते पासिर रिसजवळच्या एका गोदामात राहायचे. बेट एवढेसे, की ग्लायडर सरळ सोडले तर चहा निवायच्या आत परदेश लागतो. म्हणून दर शनिवारी ते लांबलचक ट्रेलरमध्ये घालून, पूल ओलांडून मलेशियात, जोहोरमधल्या एका छोट्या धावपट्टीवर न्यायचे. तिथे एका घारीने मला मागणी घातली होती. बरे, तो विषय पुन्हा कधी.

लिम अंकल इंग्रजीत बोलत. पण मी पुण्याच्या सुयांवर वाढलेला, मला सगळे मराठीतच ऐकू येते. सिंगापुरी बोलण्यातला शेवटचा 'लाह' तेवढा तसाच राहतो. ते दोघा पोरांना सांगत, "खुर्चीवर विश्वास ठेवू नका. पोटात काय वाटतं त्यावर ठेवू नका. धाग्यावर ठेवा. धागा ब्लफ करत नाही, लाह." हे ऐकून मी इतका फुगायचो, की टेपखालून निसटायची वेळ यायची.

गेल्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. ग्लायडर एक, म्हणून जागाही एक. ती वरुणला द्यायची की मैत्रेयीला, हे ऑक्टोबरातल्या दोन शनिवारी ठरणार होते. साठ किलोमीटरचा फेरा मारून जो जास्त उंची राखून परत येईल, तो जाईल. वरुण पहिल्या शनिवारी परत आला, पण धावपट्टीवर जेमतेम पोहोचला. सरावात मैत्रेयी त्याच्यापेक्षा नेहमी सरस होती. वरुण स्वतःच म्हणाला, "तूच जाणार, माहितीये. येताना मला खेळण्यातला कांगारू आण, जमेल ना, कॅन?"

दुसरा शनिवार दसऱ्याचा होता. आदल्या दिवशी खंडेनवमी.

खंडेनवमीला आपण आपापली हत्यारे पुजतो. हेमचंद्र वन-नॉर्थ भागातल्या एका ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढायचा. घरी त्याचा लॅपटॉप पुजला जायचा, आत्यांची सुई पुजली जायची. त्या वर्षी आत्या सिंगापुरातच होत्या. त्या म्हणाल्या, "पोरीचं विमान तेवढं पारोसं ठेवणार का रे हेमू?" म्हणून संध्याकाळी सगळे गोदामात आले. झेंडूचा हार, नारळ, वाटीत पंचामृत. आत्यांनी फुलाने काचेवर पंचामृत शिंपडले. हेमचंद्रने ओले कुंकू घेतले आणि काचेच्या बरोबर मध्यावर बोट टेकवले. मध्यावर मी होतो.

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच कोणी माझी पूजा करत होते. मी मिटल्या डोळ्यांनी, म्हणजे मला डोळे नाहीत पण असते तर मिटून, ती घेतली. पंचामृतात मध असतो, साखर असते. यंत्रांना गंज नको म्हणून गोदामात हवा कोरडी ठेवत. रात्रीतून माझे मोकळे टोक काचेला घट्ट चिकटले. सरळ, अगदी रेघेत. लाल धाग्यावर लाल कुंकू, दिसणार कोणाला?

उडण्याआधी काच पुसणे आणि धाग्याला बोटाने टिचकी मारून तो मोकळा आहे ना हे बघणे, हे हेमचंद्रचे काम. तीन वर्षांत त्याने ते एकदाही चुकवले नव्हते. सकाळी फडके घेऊन तो आला, तेवढ्यात आत्यांचा फोन. "हेमू, आज दसरा आहे. काम घ्या विमानाकडून, पण पूजेचं कुंकू उत्तरपूजेआधी पुसू नकोस हो."

"नाही पुसत, आत्या."

त्याने सगळी काच लख्ख पुसली. फक्त माझ्याभोवतीचा इंचभर भाग सोडला, आणि मला टिचकी मारली नाही. उड्डाणाआधीच्या तपासणीच्या यादीवर मात्र माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली.

दसऱ्याला सीमोल्लंघन करावे म्हणतात. आम्ही ते पासपोर्ट दाखवून केले.

लिम अंकल ओढणाऱ्या विमानात होते. त्यांनी आम्हाला वर नेऊन सोडले आणि बाजूने एक फेरी मारली. लगेच रेडिओवर त्यांचा आवाज आला. "मैत्रेयी, तू तिरकी उडते आहेस. नाक एकीकडे, शेपूट एकीकडे. धागा बघ."

तिने माझ्याकडे पाहिले. "धागा सरळ आहे, अंकल."

"परत बघ."

"स्ट्रेट लाह, अंकल! एकदम सरळ!"

मी सारा जोर लावला. जो धागा ढगांना रस्ता दाखवल्याच्या बढाया मारतो, त्याला एक सूतभर डावीकडे होता येईना. तिचे अंग खुर्चीत एका बाजूला ढकलले जात होते, हे तिला कळत होते. दोनदा तिने दिशा सुधारायला पायाखालचे पेडल थोडे दाबून पाहिले आणि माझ्याकडे बघून पुन्हा सैल सोडले. खुर्चीवर विश्वास ठेवायचा नाही, हे तिला शिकवले होते. ती हळूच म्हणाली, "इतकं सरळ मी कधीच उडले नव्हते." आणि हसली. ते हसू मी इतक्या जवळून पाहिले, की त्यापेक्षा डांबराच्या गोळ्यांबरोबर विरघळलो असतो तर बरे झाले असते.

उंची गळत गेली. धावपट्टी सात किलोमीटर राहिली असताना ती अननसाच्या एका शेतात उतरली. तिला खरचटलेही नाही, ग्लायडरलाही काही झाले नाही. मग तिथली रोजची दुपारची सर आली. ती पंखाखाली बसून राहिली आणि वर, काचेवर, माझ्यातला मध, साखर, कुंकू सगळे वाहून गेले. पाऊण तासात मी मोकळा झालो. इतका मोकळा, की वाऱ्याने नाचू लागलो. नको तेव्हा.

ट्रेलर घेऊन लिम अंकल आणि हेमचंद्र आले. अंकल थेट काचेपाशी गेले, वाकले आणि माझ्यावर फुंकर मारली. मी डावीकडे गेलो, उजवीकडे गेलो.

"धागा चांगला मोकळा आहे," ते म्हणाले.

"अंकल, वर असताना तो सरळ होता. आय स्वेअर!"

"वाईट उडलीस तर चालतं. मीही शंभरदा वाईट उडलोय. पण रेडिओवर ब्लफ करणारा पायलट मला नको, लाह."

मैत्रेयीने बाबाकडे पाहिले. हेमचंद्र काचेकडे पाहत होता. माझ्याखाली कुंकवाचा एक पातळ ओघळ राहिला होता, काचेच्या कडेपर्यंत. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारा माणूस तो. त्याला कळायला किती वेळ लागणार? त्याने खिशातून रुमाल काढला आणि तो ओघळ पुसला. सकाळी जे पुसायचे होते, ते संध्याकाळी पुसले. मग म्हणाला, "चला, पंख काढायला घेऊ. पूल ओलांडायला गर्दी लागेल."

सोमवारी वरुणचे नाव स्पर्धेला गेले. आत्यांनी सोने म्हणून ठेवलेले आपट्याचे पान मैत्रेयीने घेतले, आणि तसेच टेबलावर ठेवून दिले.

दोन आठवड्यांनी ग्लायडर कंटेनरमध्ये भरायचा दिवस आला. गोदामात बाप आणि लेक दोघेच होते. ती काचेवर संरक्षक कापड चढवत होती.

"मैत्रेयी, थांब जरा." हेमचंद्रने तो रुमाल काढला. धुतलेला नव्हता. "त्या दिवशी धागा चिकटलेला होता. पूजेमुळे. मी टिचकी मारली नाही, आणि यादीवर खूण केली."

तिने रुमाल हातात घेऊन कुंकवाचा डाग पाहिला. "तुला कधी कळलं?"

"शेतात."

"म्हणजे अंकल मला ब्लफर म्हणत होते तेव्हा."

"हो."

"मग का नाही बोललास, बाबा?"

"मला वाटलं, तू लहान आहेस, तुला पुढच्या वर्षी सुधारता येईल. माझी खूण खोटी निघाली असती तर मला संघातून काढलं असतं."

"मी पुढच्या वर्षी काय सुधारू?" ती म्हणाली. "मी काही चुकीचं केलंच नव्हतं. आय ट्रस्टेड द थ्रेड. तेच तर शिकवलं होतं."

हेमचंद्रने तिथूनच लिम अंकलना फोन केला. अर्ध्या तासात ते आले. त्यांनी सगळे ऐकले, रुमाल पाहिला. त्यांना ओरडताना मी पुष्कळदा ऐकले आहे. त्या दिवशी ते ओरडले नाहीत. मैत्रेयीपुढे उभे राहून म्हणाले, "मी तुला ब्लफर म्हणालो. सॉरी, गर्ल. नाव गेलंय, आता बदलता येत नाही. त्याच दिवशी कळलं असतं तर तुला रविवारी पुन्हा उडवलं असतं." मग हेमचंद्रकडे वळून म्हणाले, "रविवार अख्खा रिकामा होता, लाह."

मैत्रेयी ऑस्ट्रेलियाला गेली, वरुणची मदतनीस म्हणून. रोज सकाळी त्याची काच तिनेच पुसली, आणि धाग्याला टिचकी मारून मोठ्याने "मोकळा!" म्हणाली. तो धागा मी नव्हतो. आत्यांच्या टोपीतलाच, माझा धाकटा भाऊ. वरुण चौदावा आला आणि कांगारू त्यानेच तिला आणून दिला. संघात आता यादीवर दोघांच्या सह्या लागतात. हेमचंद्र यादीला हात लावत नाही; तो ट्रेलर ओढतो.

मित्रांनो, मी म्हातारा धागा तुम्हाला उपदेश काय करणार? पूजा जरूर करा. सायकलला हार घाला, वहीला गंध लावा, मला तर ते फार आवडले होते. पण वस्तूकडून काम घेण्याआधी ओल्या फडक्याने तिला नीट पुसा. आपल्याला हलता येते की नाही, हे वस्तू सांगू शकत नाही. आणि बोलायचे काही असेल तर ओघळ काचेवर आहे तोवर बोला. रुमाल खिशातच राहू द्या.

आता मी मैत्रेयीच्या उड्डाणांच्या वहीत असतो, त्या दसऱ्याच्या पानावर. तिने मला टेप लावली ती एकाच टोकाला. दुसरे टोक मोकळे सोडले आहे.

यंदाच्या खंडेनवमीला आत्यांनी ती वही पाटावर मांडली. हेमचंद्रने दोन कोरड्या अक्षता वाहिल्या, कुंकवाच्या वाटीला हात लावला नाही. सगळे जेवायला उठल्यावर तो परत आला, वही उघडली, वाकला आणि माझ्यावर हलकी फुंकर मारली.

मी हललो. डावीकडे, मग उजवीकडे. तो कितीतरी वेळ फुंकर मारत राहिला, आणि मी दर वेळी हलत राहिलो.