दोन चांगले दात

टिल्डेचे वरचे दात असे पुढे आले होते की ओठ मिटायलासुद्धा तिला जोर लावावा लागे. तेराव्या वर्षी डेन्मार्कमधल्या होल्स्टेब्रोच्या नगरपालिकेच्या दवाखान्यातून बोलावणं आलं: दातांना तारा लावायच्या, आणि त्याही फुकट. पोरीचा आनंद पोटात मावेना. तिने डॉक्टरीणबाईंना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. दुखेल का? पहिले चार दिवस. किती काळ ठेवायच्या? दोन वर्षं. सफरचंद खाता येईल? येईल की, फोडी करून.

"आणि मोठ्या माणसांनाही लावतात का हो?" हा प्रश्न तिच्या आईचा, पर्निलेचा.

"सत्तरीतही लावतात. हिरड्या तेवढ्या धड हव्यात. पण खर्च तुमचा."

"न दिसणाऱ्या मिळतात ना? मग माझं बघते मी. हिचं पुढच्या मे महिन्यात कन्फर्मेशन होऊन जाऊ दे. फोटोत तोंडभर लोखंड नको मला." कन्फर्मेशन म्हणजे चौदाव्या वर्षी चर्चमध्ये होणारा धर्मस्वीकाराचा विधी; त्याची मेजवानी तिथे लग्नासारखीच थाटात होते.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "जबडा वाढतोय तोवरच दात मागे घेता येतात. वर्षभर थांबलात तर कदाचित दोन चांगले दात उपटावे लागतील."

"दोनच ना?" पर्निले म्हणाली आणि वर्षभर थांबायच्या कागदावर सही ठोकून मोकळी झाली.

महिन्याभरात पर्निलेच्या स्वतःच्या दातांवर पारदर्शक साचे चढले. तिचा एकच दात तिरका होता, तोही बोट ठेवून दाखवल्याशिवाय दिसत नसे. जेवताना ती साचे काढून नॅपकिनमध्ये गुंडाळायची. डबी वापरा म्हणून दवाखान्याने दहादा बजावलं होतं, पण ऐकेल ती पर्निले कसली! टिल्डेला मात्र रोज आरशासमोर उभं करून शिकवणी चाले: "तोंड मिटून हस. अगं, मिटून!"

एप्रिलात नवा एक्स-रे निघाला. डॉक्टरीणबाईंनी त्यातल्या दोन दातांवर पेन्सिलीने फुल्या मारल्या. पर्निलेने ते उपटायची तारीख घेतली ती कन्फर्मेशनच्या दुसऱ्याच दिवशीची, सोमवारची. त्या सोमवारी वर्गातली सगळी पोरं शाळेला सुट्टी घेऊन नव्या कपड्यांत शहरभर हुंदडतात.

"माझी रजा आहेच," पर्निले म्हणाली, "आणखी एक कशाला घेऊ?"

रविवारी चर्च झालं, फोटो झाले, साठ पाहुणे जेवायला बसले. जेवणात घरच्यांनी रचलेलं गाणं म्हणायची रीतच आहे. पर्निलेने ते स्वतः लिहून, छापून, प्रत्येक ताटाशी ठेवलं होतं. सगळे उभे राहून गाऊ लागले:

"टिल्डे आमची गोरीपान, दात पाहून ससा हैराण,
कुंपणापल्याड गाजर दिसे, फाटक न उघडता खातसे!"

आजोबांना हसता हसता ठसका लागला. शेवटी तीनदा हुर्रे झालं. टिल्डेही हसली, तोंड मिटून. तिला त्या साठही जणांचा तिटकारा आला, आणि सगळ्यांत जास्त आईचा.

"लागलं की काय तुला?" पर्निले तिच्या कानाशी पुटपुटली. "गंमत कळत नाही का गं बाई?"

"कळते ना," टिल्डे म्हणाली.

मग ती शहाण्या मुलीसारखी उठली आणि खरकटं आवरायला लागली. आईच्या ताटाशेजारी चुरगळलेला नॅपकिन होता. तिने तो बोटांनी दाबून पाहिला. आत कडक काहीतरी होतं. तिने नॅपकिन बटाट्यांच्या रश्श्यात टाकला, रस्सा कचऱ्याच्या पिशवीत ओतला आणि पिशवी मागच्या मोठ्या कचरापेटीत.

केक खाऊन झाला तेव्हा पर्निलेच्या लक्षात आलं. ते शेवटचे साचे होते. नवे यायला तीन आठवडे, आणि तेवढ्यात दात पुन्हा आपल्या जुन्या जागी वळणार. फिकट निळा रेशमी ड्रेस घालून ती कोपरापर्यंत कचऱ्यात हात घालून उभी होती. डुकराच्या मांसाची चरबी बाहीला लागली होती आणि तोंड रडवेलं झालं होतं.

"टिल्डे, तूच आवरलंस ना? कुठल्या पिशवीत गं? सांग ना, बाळा!"

टिल्डेने फोन वर धरला.

"आई, इकडे बघ. तोंड मिटून हस."

फोटो अगदी स्वच्छ आला. उद्या नऊ वाजता तिचे दोन दात जायचे ते जाणारच होते.